आजोबांची विहीर कोणाच्या गटात?

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४३, नोकरी चाकणला. धाकटा भाऊ आणि आई गावी असतात, शेती भाऊच बघतो. वडील गेल्यावर वारसनोंद झाली आणि त्यानंतर यांनी हद्द कायम मोजणी मागवली. मोजणीत निघालं ते असं: सातबाऱ्यावर यांच्या नावाचा गट आहे १ हेक्टर १ आर, म्हणजे अडीच एकर, आणि तो आहे ओढ्याकाठचं काळं रान. ते रान शेजारचं कुटुंब कसतं, सध्या त्यात आल्याचं पीक आहे. यांचं कुटुंब तीन पिढ्या जे तीन एकर मुरमाड रान आपलं म्हणून कसतं, तो गट शेजाऱ्यांच्या नावावर आहे. गावात गटवारी, म्हणजे विखुरलेल्या जमिनींचं सरकारी एकत्रीकरण, १९७४ साली झाली. आजोबांनी गटवारीच्या आधी खोदलेली विहीर त्याच मुरमाड रानात आहे. आता काळ्या रानाच्या कडेनं रस्ता रुंद होणार म्हणून खुंट्या रोवल्या आहेत आणि भाव वाढला आहे. शेजारी म्हणतात, सरकारच्या सलोखा योजनेत अदलाबदल करून टाकू, ज्याचं तो कसतोय ते त्याच्या नावावर. आई म्हणते, आबांनी (म्हणजे आजोबांनी) शब्द दिलाय, वाकडं वागू नका. भाऊ काहीच बोलत नाही. वाचक विचारतात: "पन्नास वर्षं आमची फसवणूक झाली. कागद आमच्या बाजूनं आहे. पोलीस बंदोबस्त घेऊन ताबा घ्यावा, की सलोखा करून हक्काचं रान सोडून द्यावं?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा राग दिसला. दुसऱ्यांदा रस्त्याच्या खुंट्या दिसल्या. तिसऱ्यांदा वाचताना मात्र मी विहिरीपाशी थांबले, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथं आहे असं वाटतं.

मी तालुक्याच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली केली. गटवारीच्या भांडणाचे पक्षकार दर महिन्याला यायचे. त्यातले बहुतेक जण तुमच्याच वाक्यानं सुरुवात करायचे, "कागद आमच्या बाजूनं आहे." त्या वाक्याबद्दल आधी बोलू.

सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यातली नोंद खरी आहे असं कायदा गृहीत धरतो, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा शेवटचा शब्द सातबाऱ्याचा नसतो. मोजणीचंही तेच. मोजणीनंतर मिळणाऱ्या 'क' प्रतीच्या नकाशावर गटाच्या हद्दी दाखवतात आणि कोण कुठं कसतंय तेही दाखवतात. पण त्या नकाशानं ताबा बदलत नाही. भूमापक हद्दीच्या खुणा दाखवून निघून जातो. त्या नकाशाच्या जोरावर पोलीस घेऊन दुसऱ्याच्या आल्याच्या उभ्या पिकात शिरता येत नाही. ताबा हवा असेल तर दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो. जबरदस्तीनं शिरणाऱ्यांवर उलट फौजदारी झाल्याची प्रकरणं मी स्वतः चालवली आहेत. तेव्हा तो विचार पहिल्यांदा मनातून काढा.

आता "फसवणूक" या शब्दाकडे येऊ.

गटवारी म्हणजे काय होतं, हे आजच्या पिढीला नीट ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगते. वाटण्या होऊन होऊन एकेकाची जमीन गावात पाच-सहा ठिकाणी विखुरली होती. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली सरकारनं गावोगावी योजना केली: विखुरलेले तुकडे घ्यायचे, त्या मोलाची जमीन शक्यतो एका जागी द्यायची, आणि सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर पाडायचा. एकत्रीकरण अधिकारी गावात यायचे, खातेदारांचे जबाब घ्यायचे, कच्ची योजना प्रसिद्ध करायचे, हरकतींना तीस दिवस द्यायचे, मग योजना कायम व्हायची. नियमाप्रमाणे त्यानंतर प्रत्येकानं जुनं रान सोडून नवं धरायचं होतं.

पण माणसं अशी रान सोडत नाहीत. कुणाची विहीर असायची, कुणाची आंब्याची झाडं, कुणाच्या वडिलांची समाधी. कागदावर गट बदलला, पण दोन घरांनी आपसात ठरवलं की तू तुझं कस, मी माझं कसतो. नांगर होता तिथंच राहिला, नाव तेवढं दुसरीकडे गेलं. महाराष्ट्रात ही गोष्ट इतक्या गावांत घडली आहे की शेवटी सरकारला त्यासाठी वेगळी योजना काढावी लागली. तीच सलोखा योजना.

आता तुमच्याच पत्रातले आकडे पाहा. तुम्ही कसता ते तीन एकर, शेजारी कसतात ते अडीच. मुरमाड जास्त, काळं कमी. रानाची प्रत पाहून कमीजास्त क्षेत्र धरणं ही गटवारीतली नेहमीची रीत होती. आणि विहीर? ती तुमच्या आजोबांनी गटवारीच्या आधी खोदली, असं तुम्हीच लिहिता. म्हणजे ते मुरमाड रान मुळातच तुमच्या आजोबांचं असणार. सरकारनं त्यांना काळं रान देऊ केलं असेल आणि ते म्हणाले असतील, मी माझी विहीर सोडून जाणार नाही. खटावसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात पाणी लागलेली विहीर सोडून काळ्या रानात जाणं हा त्या काळी शहाणपणाचा सौदा नव्हता. काळं रान होतं, पण त्याला पाणी कुठलं होतं?

असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. उलटंही झालं असेल. शेजाऱ्यांचे आजोबा गावात वजनदार असतील, तुमच्या आजोबांना लिहितावाचता येत नसेल, काळं रान दांडगाईनं दाबलं गेलं असेल. तसंही पुष्कळ गावांत झालेलं आहे. माझं म्हणणं इतकंच की दोन्ही शक्यता उघड्या आहेत, आणि तुम्ही त्यातली एकच धरून चालला आहात. आणि ती धरलीत ती रस्त्याच्या खुंट्या पडल्यानंतर. हे मी टोचून बोलत नाही. पैसा समोर आला की जुनी गोष्ट वेगळी दिसायला लागते, माझ्या घरातही तसं झालेलं आहे. माझ्या चुलत्यांनी बांधाच्या चार गुंठ्यांसाठी एकोणीस वर्षं दावा चालवला. निकाल त्यांच्या बाजूनं लागला तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते, आणि ज्याच्याविरुद्ध दावा होता तो त्यांचा बालमित्र आधीच गेलेला होता.

म्हणून काय खरं झालं ते आधी शोधा. हे काम तर्कानं होत नाही, दप्तरातून होतं. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा आणि दोन्ही गटांसाठी तीन गोष्टी मागा: एकत्रीकरण योजनेचा ९(३) व ९(४) चा उतारा, त्या वेळचा जबाबाचा उतारा, आणि गटाचा मूळ नकाशा. ९(३), ९(४) वरून कळेल की गटवारीपूर्वी कोणाकडे कोणता सर्व्हे नंबर होता आणि त्याबदल्यात कोणता गट मिळाला. जबाबाच्या उताऱ्यावर तुमच्या आजोबांची सही किंवा अंगठा असेल, आणि ते काय म्हणाले हेही असेल. पन्नास वर्षांनी आजोबांचं म्हणणं कागदावर वाचायला मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हे. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९७० पासूनचे जुने सातबारे काढा. गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, पीक कोणतं होतं, आणि जमीन करणाऱ्याचं नाव काय होतं, असे रकाने असत. अर्थात तलाठी बहुतेकदा खातेदाराचंच नाव पुढे ओढत राही, त्यामुळे त्यावर सगळा भार टाकू नका. विहीर कोणत्या नंबरात, केव्हा नोंदली, तेवढं मात्र नक्की पाहा.

समजा, कागदांवरून निघालं की योजनेतच चूक झाली होती. मग काय? लिहिण्यातली किंवा आकडेमोडीतली चूक असेल तर ती दुरुस्त करायची तरतूद त्या कायद्यात आहे. योजनाच चुकीची आहे म्हणून ती बदलायचीही तरतूद आहे. पण इथं तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं: योजना बदलायचा अर्ज वाजवी मुदतीत व्हायला हवा आणि दशकं उलटल्यावर कायम झालेली योजना उकरू नये, असं मुंबई उच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे. १९७४ च्या योजनेवर आज असा अर्ज केलात तर तो टिकण्याची आशा फार धरू नका. कुणी एजंट "वरून करून आणतो" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. तुमचं म्हणणं, गट आमच्या नावावर, ताबा द्या. शेजारी म्हणतील, आम्ही पन्नास वर्षं उघडपणे कसतोय, मुदत कायद्याप्रमाणे ताबा परत मागायची बारा वर्षं कधीच उलटली. तुम्ही म्हणाल, तो ताबा आमच्या हक्काविरुद्ध नव्हता, आपसातल्या समजुतीचा होता. पण समजूत होती असं म्हटलंत की तुमची फसवणुकीची गोष्ट तुम्हीच खोडलीत. आणि उद्या तुम्ही जिंकलात तरी काय होईल ते बघा. काळं रान तुम्हाला मिळालं तर मुरमाड रान शेजाऱ्यांना जाईल, कारण ते त्यांच्या गटात आहे. तुमच्या आजोबांच्या विहिरीसकट. तुमचा भाऊ आज ज्या पाण्यावर शेती करतोय ते पाणी दुसऱ्याच्या नावावर होईल. पत्रात तुम्ही याचा विचार केलेला दिसत नाही. भाऊ गप्प आहे असं लिहिलंय. मला वाटतं, त्यानं तो केलेला आहे. बांधावर उभं राहून त्याला विचारा. फोनवर नको.

आता सलोखा. ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयानं ही योजना सुरू झाली. एकाचा ताबा दुसऱ्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या, असं किमान बारा वर्षं चालू असेल, दोन्ही जमिनी एकाच गावात आणि शेतीच्या असतील, आणि दोघांची संमती असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र १,००० रुपये आणि नोंदणी फीही नाममात्र. एरवी अदलाबदलीला जास्त किमतीच्या जमिनीवर खरेदीखतासारखंच मुद्रांक लागतं, त्यामुळे लोक तोंडी अदलाबदलीवरच पिढ्या काढतात. क्षेत्र सारखं नसलं तरी चालतं, म्हणजे तुमचे अडीच आणि त्यांचे तीन एकर याची अडचण नाही. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात, शेजारच्या गटधारकांच्या सह्या होतात, त्या पंचनाम्याचं प्रमाणपत्र दस्ताला जोडायचं, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा आणि मग फेरफार. योजनेची मुदत सुरुवातीला दोन वर्षांची होती, नंतर ती वाढवली गेली. तुम्ही जाल त्या दिवशी चालू मुदत विचारून घ्या.

तुम्ही याला "हक्काचं रान सोडून देणं" म्हणता. मला ते तसं दिसत नाही. आज तुमच्या कुटुंबाकडे कसायला रान आहे पण कागद नाही, आणि कागद आहे पण रान नाही. पीक कर्ज कोणत्या गटावर काढायचं? ठिबकचं अनुदान, नव्या विहिरीची मंजुरी, पीक विमा, सगळं गट नंबरावर चालतं. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर होते आणि अ‍ॅप उभ्या जागेचे अक्षांश-रेखांश घेतं. तुमचा भाऊ ज्वारी लावतो एका गटात आणि त्याच्या नावावर आहे दुसरा. पूर्वी तलाठी कार्यालयात बसून हे जुळवून घेता यायचं, आता ते दिवसेंदिवस अवघड होत जाणार. हा त्रास शेजाऱ्यांनाही तितकाच आहे, म्हणूनच ते तुमच्या दारात आले. त्यांच्या येण्यात तुम्हाला फक्त रस्त्याचा लोभ दिसला. असेलही. पण ते आले, बोलले, आणि योजनेचं नाव घेऊन बोलले, हे मी त्यांच्या बाजूनं मोजेन.

माझं मत, सलोखा करावा. पण डोळे मिटून नाही.

सगळ्यात नाजूक गोष्ट रस्त्याची आहे. भूसंपादन झालं तर मोबदल्याची नोटीस कागदावर ज्याचं नाव त्याला येते, म्हणजे आज तुम्हाला. कसणारे ते आहेत, त्यामुळे तेही हक्क सांगतील, आणि वाद झाला की रक्कम कोणाच्याच हाती न लागता अडकून पडते. दुसरं, नुसत्या खुंट्या रोवणं वेगळं आणि संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघणं वेगळं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली अशी अधिसूचना निघाली की त्या क्षेत्राचा व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून प्रांत कार्यालयात जाऊन आधी हे विचारा: संपादन होणार आहे का, कोणत्या कायद्याखाली, अधिसूचना निघाली का, आणि दोन्ही गटांतलं किती क्षेत्र जातंय. हे कळल्याशिवाय शेजाऱ्यांशी शेवटचं बोलू नका.

मोबदल्यात वाटा मागणं गैर आहे का? मला ते गैर वाटत नाही. रस्ता कोणत्याही घरानं आणलेला नाही, आणि १९७४ साली दोन्ही आजोबांनी जो हिशेब केला त्यात तो नव्हता. काळ्या रानाचं मोल आज वाढलंय तर फरकापोटी काही रक्कम, किंवा जाणाऱ्या पट्ट्याच्या मोबदल्यात ठरावीक भाग, असं मोकळेपणानं बोलता येईल. जे ठरेल ते दस्तात लिहा. फक्त हे मागताना "नाहीतर ताबा घेतो" अशी धमकी घालू नका. त्या एका वाक्यानं संमती जाते, आणि संमती गेली की ही योजनाही गेली.

विहीर, तिच्याकडे जाणारी वाट, मोटारीचं वीज कनेक्शन, पाइपलाइन कोणाच्या रानातून येते, हे सगळं दस्तात नावानिशी यायला हवं. वाटेबद्दल विशेष सांगते, कारण गटवारीच्या भांडणात अर्धी भांडणं शेवटी वाटेवर येतात. गट कोणता का असेना, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर रानात जायला हवा. (असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगितलं.) दोन्ही सातबाऱ्यांवरचा 'इतर हक्क' हा रकाना पाहा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर त्यांची ना हरकत आधी घ्या. भोगवटादार वर्ग दोन (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही अशी जमीन) असं असेल तर परवानगीचा प्रश्न आधी सोडवा.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. पत्रात "आम्ही दोघं भाऊ" असं अनेकदा आहे. बहिणीचा उल्लेख एकदाच येतो, दिवाळीला आली होती म्हणून. वारसनोंदीत तिचं नाव लागलं का? आजोबांच्या नंतर आत्यांची नावं लागली होती का, की हक्कसोड झाली? अदलाबदलीच्या दस्तावर सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची सही लागते, आईचीही. २००५ नंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीला सहीच्या दिवशी निबंधक कार्यालयात बोलावून "इथं सही कर" म्हणणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि ती वाईट आहे. रस्त्याचा मोबदला, विहीर, अदलाबदल, सगळं तिला आज सांगा. शेजाऱ्यांच्या घरातही असंच विचारा, नाहीतर दहा वर्षांनी त्यांची एखादी आत्या दस्ताला आव्हान देईल.

ज्या वाचकांचा शेजारी तयारच नाही, किंवा एकच बाजू ताब्यात आहे आणि बदल्यात काहीच मिळालेलं नाही, त्यांना सलोखा लागू होत नाही. त्यांनीही सुरुवात ९(३), ९(४) आणि जबाबापासूनच करावी, मग मोजणी, आणि मगच वकील. मोजणी आधी आणि कागद नंतर, असं केलं की दोन्ही घरं पहिल्याच दिवशी हमरीतुमरीवर येतात. तुमच्याकडे थोडं तेच झालं.

तुम्ही लिहिलंय की शेजाऱ्यांचे अप्पा ८१ वर्षांचे आहेत आणि गटवारी झाली तेव्हा ते बापाबरोबर चावडीवर हजर होते. तुमच्या घरातलं त्या वेळचं कोणी उरलेलं नाही. जबाबाची नक्कल हातात आली की ती घेऊन भावाला आणि आईला बरोबर घ्या आणि आधी त्यांच्याकडे जा. रस्त्याचं त्या दिवशी काढू नका. तो कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि विचारा, आबा त्या दिवशी काय म्हणाले होते.